चांदीचा उजवा हात

झिंडेलफिंगेन,
२१ जुलै २०२४

ती. अक्का,
साष्टांग नमस्कार.

फोन केला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारायला लागतं. तू "कोण? कोण बोलतंय?" करत ठेवून देतेस आणि मी इकडे मोबाईल हातात धरून बसतो. म्हणून पुन्हा कागदावर आलो. पोस्टाला वेळ लागतो, लागू दे.

ओजस अमेरिकेहून परत आला. कॉलेज संपलं, पदवी मिळाली. तू विचारलं होतंस, आता तो टीव्हीवर कधी दिसणार. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

तिकडे दर जुलैत बेसबॉलचे मोठे क्लब कॉलेजातली मुलं निवडतात. एकेक नाव पुकारतात, शेकडो नावं. आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. कौमुदीने शिरा करून झाकून ठेवला होता. शेवटचं नाव झालं तरी आपलं आलं नाही. ओजसने कॉम्प्युटर मिटला आणि म्हणाला, "आल्झो, चला, जेवायचं का?" शिऱ्याला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी तो ऑफिसात नेला. लोकांनी केक म्हणून खाल्ला आणि पाककृती विचारली.

आता तो इथल्याच, जर्मनीतल्या क्लबात खेळतो. नऊ वर्षांचा असताना शेजारच्या अमेरिकन मुलामागे जिथे गेला होता, तोच क्लब. रविवारी सामना असतो. प्रेक्षक म्हणजे आपल्या देवळातल्या एकादशीच्या भजनाला असतात तेवढेच, त्यातले निम्मे सॉसेज खायला आलेले. बाकीचे दिवस तो एका गोदामात पार्सलं उचलतो. मी म्हटलं, अरे, खांद्याला जप. तर म्हणाला, "बाबा, पार्सल डाव्या खांद्यावर घेतो मी."

एक दार अजून उघडं आहे. सप्टेंबरात अमेरिकेतल्या एका मोठ्या क्लबचा माणूस बव्हेरियात येणार आहे, युरोपातली मुलं बघायला. ओजसला बोलावलंय. त्याला पसंत पडला तर करार. अगदी खालच्या पायरीचा, पण व्यावसायिक. नाही पडला तर संपलं. या खेळात बाविशी म्हणजे उशीरच.

तू पाठवलेला जानाईचा दोरा त्याने मनगटाला बांधला होता. पंचाने सामना थांबवून काढायला लावला. चेंडू टाकणाऱ्याच्या मनगटाला काही चालत नाही म्हणे. कौमुदीने तो टोपीच्या आतून शिवून दिलाय. देवी डोक्यावर आहे, तेव्हा काळजी नसावी.

तुझा,
देवदत्त

•

धामणवाडी,
१४ ऑगस्ट २०२४

चि. देवदत्त,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. देवी टोपीत शिवली हे वाचून मी हसले आणि मग कानशिलावर बोटं मोडली. असो. तुम्हा लोकांचं तिकडचं तिकडे.

मला एक कळत नाही. तू मागे म्हणाला होतास, या खेळात चेंडूचा टप्पा पडत नाही. मग तो बोलर कसला? आपल्याकडे त्याला फुलटॉस म्हणतात आणि यष्टीमागची पोरंसुद्धा हसतात. आणि त्यासाठी अमेरिकेतून माणूस बघायला येतो! मी तनयाला म्हटलं, तनया म्हणजे शेजारच्या शरदचंद्राची सून, ती मोबाईलवर शोधून दाखवते सगळं. तिने एक सामना दाखवला. त्यातला चेंडू टाकणारा मातीच्या ढिगावर उभा राहून पाय छातीपर्यंत नेतो आणि अंगाचा पीळ सोडल्यासारखा टाकतो, ते बघून मात्र मी म्हटलं, पुन्हा लाव. आपला ओजस असं करतो? एवढंसं होतं रे ते. मला बिलगून झोपायचं.

आता कामाचं. मी जानाईला नवस बोलले आहे. ओजसचा करार झाला तर देवीला चांदीचा हात वाहीन. माझे चांदीचे तोडे तसेच पडून आहेत, आता ते घालून मी कुठे मिरवणार? कोणी डोळे वाहतं, कोणी पाय, पोराचा हात चालतोय तर हातच दिला पाहिजे. विनय सोनाराला विचारून आले. तो म्हणाला, "आक्का, डावा का उजवा ते सांगा, अंगठा कुठल्या अंगाला काढायचा ते आधी ठरवावं लागतं." मला ठाऊकच आहे, पण देवाच्या कामात खात्री केलेली बरी. तेवढं लगेच कळव.

कौमुदीला सांग, शिरा वाया गेला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. गोड करून ठेवलं की ते काम अडतंच. आधी व्हावं, मग करावं.

अक्का

•

झिंडेलफिंगेन,
२९ सप्टेंबर २०२४

ती. अक्का,
नमस्कार.

उजवा. सोनाराला उजवा सांग.

काल बव्हेरियात जाऊन आलो. मक्याच्या शेतांमध्ये मैदान. दहा-बारा मुलं होती, डच, इटालियन, चेक, आणि आपला. तो अमेरिकन माणूस म्हातारा, उन्हाने रापलेला. सूर्यफुलाच्या बिया चघळून सालं थुंकत होता. वेग मोजायचं यंत्र दुसऱ्याच्या हातात. याने यंत्राकडे फारसं बघितलंच नाही, मुलांच्या पायांकडे बघत होता.

ओजसने छान टाकले. मी जपमाळ खिशात धरून होतो. रामरक्षा म्हणायला घेतली आणि प्रत्येक चेंडूला विसरत होतो कुठवर आलो ते.

नंतर तो माणूस माझ्याशी येऊन बोलला. सरळ बोलला, त्याबद्दल मला राग नाही. म्हणाला, "मुलगा चांगला आहे. डोकं शांत आहे. पण उजव्या हाताने एवढ्या वेगाने टाकणारी मुलं आमच्याकडे प्रत्येक गावात मिळतात. पाच किलोमीटर वेग वाढवून एप्रिलमध्ये दाखव म्हणावं. मग बोलू." म्हणजे नकार नाही, होकारही नाही.

मग एक गंमत झाली, ती तुला सांगण्यासारखी आहे. आम्ही असे कुंपणाजवळ बोलत उभे, ओजस बाकावर उजव्या कोपराला बर्फ बांधून बसलेला. कुठल्या तरी लहान मुलाचा चेंडू त्याच्या पायाशी आला. त्याने बसल्या बसल्या उचलला आणि डाव्या हाताने परत टाकला. सहज, दूर, त्या मुलाच्या बरोबर हातात. म्हातारा बोलता बोलता थांबला. म्हणाला, "परत टाक." ओजस हसला, टाकला परत. म्हाताऱ्याने तोंडातली बी थुंकली नाही, गिळली. मला विचारलं, "हा जन्मतः डावरा आहे का?"

मी म्हटलं, "छे. आमच्याकडे सगळे उजव्या हाताने जेवतात, हाही तसाच."

तो म्हणाला, "वाईट. डाव्या हाताने याच्या निम्म्या कसबाचा मुलगा असता तरी मी आज कागद काढला असता. डावरे मिळत नाहीत आम्हाला. समोरच्याला त्यांचा चेंडू दिसत नाही."

परतताना गाडीत मी ओजसला हे हसत सांगितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. "गेनाऊ," म्हणाला. म्हणजे, अगदी बरोबर. मग त्याने डोळे मिटून घेतले. दमला असेल.

आता हिवाळाभर वेग वाढवायचा. तू नवस ठेव.

देवदत्त

•

धामणवाडी,
२० ऑक्टोबर २०२४

चि. देवदत्त,
आशीर्वाद.

उजवा म्हणालास, मला माहीत होतं. अरे, त्या उजव्यामागे माझी किती मेहनत आहे हे तुला कुठे ठाऊक?

त्या अमेरिकनाची नजर मात्र मानली. बरोबर ओळखलं त्याने. तुम्ही ओजसला माझ्याकडे ठेवून गेलात तेव्हा तो जेमतेम पावलं टाकत होता. पुढे हाताने जेवायला लागला तर सगळं डाव्याने. घास डावा, पेला डावा, देवळात प्रसादाला पुढे येणार तो डावाच. लोक बघायचे. मला म्हणायचे, यमुनाबाई, पोर परदेशात जायचंय आणि हे असं? मी ठरवलं की आईबापांच्या हाती पोर देताना शहाणंसुरतं देईन.

मग काय केलं ठाऊक आहे? माझ्या जुन्या हिरव्या पातळाची पट्टी काढली. जेवायला बसलं की त्याचा डावा हात पाठीशी नेऊन कमरेला बांधायची. घट्ट नाही हो, मऊ पट्टी होती. पहिले दिवस फार रडला. ताट ढकलायचा. मीही हट्टी. म्हटलं, जेवशील तर उजव्यानेच. वर्षभर नेमाने केलं. पाटीवर रेघोट्या काढायला बसला तरी बांधायची. शेवटी शेवटी तर ताट मांडलं की स्वतःच हात मागे न्यायचा आणि पाठ करून उभा राहायचा, बांध म्हणून. इतकं गुणी पोर.

तुम्ही न्यायला आलात तेव्हा कौमुदी म्हणाली होती, "किती नीट जेवतो!" मी नुसती हसले होते. केलेलं बोलून दाखवू नये. आज तू विषय काढलास म्हणून लिहिते.

म्हणजे देवीला जो हात वाहायचा तो मीच घडवलेला आहे म्हण की. विनयने काम सुरू केलंय.

दिवाळीचा फराळ टपालाने पाठवावा म्हटलं, तर पोस्टातला म्हणे चकल्यांचा भुगा होईल. तिकडे येणाऱ्या कोणाबरोबर देते.

अक्का

•

धामणवाडी,
८ डिसेंबर २०२४

चि. देवदत्त,

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, तुझं पत्र नाही. तनयाकडून फोन लावला तर कौमुदीने उचलला. "हे कामात आहेत" म्हणाली आणि लगेच ठेवला. पोर आजारी आहे का? एक ओळ तरी लिही.

हात तयार झाला. पोराच्या हाताएवढा नाही, वितीएवढा आहे, पण बोटांना नखंसुद्धा काढलीत विनयने. लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलाय.

अक्का

•

झिंडेलफिंगेन,
१२ जानेवारी २०२५

ती. अक्का,

पोर आजारी नाही. मी लिहायला बसत होतो आणि लिहिलेलं फाडत होतो. हे पाठवीन असं वाटतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते जिन्यातच वाचलं आणि वर न जाता परत खाली गेलो. कारखान्यात माझं काम दारांच्या बिजागऱ्यांचं. एका बाजूची बिजागरी काढायची, मग कॉम्प्युटरला सांगितलं की तो दुसऱ्या बाजूची आपोआप करून देतो, आरशातल्यासारखी. आयुष्यभर डावं-उजवं करत आलो. माझ्या घरातलं मला दिसलं नाही.

ओजसला विचारलं. तो स्वयंपाकघरात अंडी फोडत होता. मी म्हटलं, "तुला आठवतं का, आत्या तुझा हात बांधायची?"

"या," म्हणाला. जर्मनमध्ये म्हणजे हो. "हिरवी पट्टी. तिला साबणाचा वास यायचा."

"मग कधी बोलला नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं नाही."

मग हळूहळू बाकीचं कळलं. अमेरिकेत पहिल्याच वर्षी त्याच्या प्रशिक्षकानेही ते ओळखलं होतं. जाळीत नेऊन डाव्याने टाकायला लावलं. काही दिवस बघितलं आणि म्हणाला, हे दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं असतं तर! म्हणजे चार वर्षं हा मुलगा हे मनात घेऊन उजव्याने टाकत राहिला. जुलैत नाव आलं नाही तेव्हा आम्ही नशीब म्हणालो. त्याला कारण माहीत होतं. म्हणून तो कॉम्प्युटर मिटून जेवायला चला म्हणाला.

कौमुदी तुझ्याशी फोनवर बोलली नाही, कारण बोलली असती तर थांबली नसती. ती मला म्हणते, "तुमच्या अक्कांनी केलं, आणि वर लिहून कळवतात मेडल मिळाल्यासारखं!"

अक्का, तुझं प्रेम मी नाकारत नाही. पण लहान मुलाचा हात बांधायचा, तोही जेवताना? कोणाला विचारून? एक पोस्टकार्ड टाकून मला विचारायचं होतंस.

चांदीच्या हाताचं काय करायचं ते तू ठरव. मला त्याचं वर्णन नको.

देवदत्त

•

धामणवाडी,
९ फेब्रुवारी २०२५

देवदत्तास,

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं नाही.

विचारायचं होतं म्हणतोस. विचारलं असतं तर तू काय लिहिलं असतंस ते सांगू? "अक्का, तुला योग्य वाटेल ते कर." हेच लिहायचास तू तेव्हा. पोराला ताप आला तरी हेच, वरण आवडत नाही म्हटलं तरी हेच. तुम्हाला घर मिळत नव्हतं, कौमुदीची पीएचडी चालली होती. बरोबरच होतं तुमचं, मी बोल लावत नाही. पण पोर माझ्याजवळ होतं. मला मूलबाळ नाही. मला जे माझ्या आईने शिकवलं तेच मी शिकवलं. तुझा हात आईने बांधला नाही, कारण तू सरळ निघालास. डावा निघाला असतास तर बांधलाच असता, आणि आज तू आईला नावं ठेवली नसतीस.

आणि मी एक विचारते, त्याचं खरं उत्तर दे. तू रोज पूजा करतोस. हे पोर डावा हात पुढे करून तुझ्यासमोर आलं असतं तर तू दिलं असतंस त्याला तीर्थ? डाव्या हातात?

कोणाला ठाऊक होतं रे की जगात कुठेतरी असा एक खेळ आहे, जिथे डाव्या हाताला मोल आहे? आमच्या इथे त्या हाताला कोणी पाणी विचारत नाही.

आणि एवढंच असेल तर आता टाकू दे की डाव्याने. हात आहे ना अजून? मी बांधला होता, तोडला नव्हता.

नवस मी मोडणार नाही. एप्रिल यायचाय अजून.

यमुना

•

झिंडेलफिंगेन,
१३ एप्रिल २०२५

ती. अक्का,
नमस्कार.

एप्रिल आला. पण त्या माणसाला दाखवायला काही उरलं नाही.

हिवाळाभर ओजस एका बंद हॉलमध्ये सराव करत होता. गोदामातलं काम संपलं की तिकडे. वजनदार चेंडू भिंतीवर मारायचे, मग हलके. वेग वाढत होता, खरंच वाढत होता. मार्चच्या सुरुवातीला त्याचा प्रशिक्षक मला म्हणाला होता की होईल. त्याच आठवड्यात उजव्या कोपराच्या आतला बंध तुटला. मी तिथेच होतो. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला आणि चेंडू भिंतीपर्यंत गेलाच नाही, मध्येच पडला. ओजस ओरडला नाही. डाव्या हातातला ग्लव्ह त्याने काढून खाली ठेवला, नीट, कोणाची तरी परत द्यायची वस्तू असल्यासारखा.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा टाकायला वर्ष-दीड वर्ष, आणि वेग पहिल्यासारखा येईल याची खात्री नाही. त्या म्हाताऱ्याला कळवलं. त्याने दोन ओळींत शुभेच्छा दिल्या. ओजसने त्या वाचून दाखवल्या आणि क्लबाची किल्ली परत करून आला. म्हणजे संपलं.

तू विचारलं होतंस, आता डाव्याने का टाकत नाही. टाकून बघितलं होतं त्याने, तुझं पत्र यायच्या आधीच. मी जाळीमागे उभा होतो. चेंडू फार सुंदर जायचा, अक्का. अंग कुठे अडखळत नव्हतं. फक्त तो कुठे जाईल ते त्याचं त्यालाच ठाऊक नसायचं. कधी जाळीच्या वर, कधी प्रशिक्षकाच्या पायावर. चौदा वर्षांची मुलं बघून हसत होती आणि तोही हसत होता.

आता दुसरं लिहितो. त्याच्यासाठीच हे पत्र आहे.

त्याचा उजवा हात पट्ट्यात आहे. घरी आला त्या दिवशी कौमुदीने वरणभात वाढला आणि चमचा ठेवला. त्याने चमचा बाजूला सारला आणि डाव्या हाताने कालवून जेवायला लागला. आम्ही दोघं बघत राहिलो. शीत सांडलं नाही. बोटांची पेरंसुद्धा भरली नाहीत. वीस वर्षं तो आमच्यासमोर उजव्याने जेवला, आणि मी आता बघितलं की तो जेवताना किती हळू जेवायचा, किती लक्ष देऊन. मला वाटायचं, स्वभाव शांत आहे.

गेल्या रविवारी रामनवमी होती. गेर्लिंगेनची दोन कुटुंबं आली होती. बाराला पाळणा म्हटला, सुंठवडा वाटला, मग मी तीर्थाचं भांडं घेऊन एकेकाच्या पुढे गेलो. ओजस सोफ्याच्या कडेला उभा होता. त्याने हात पुढे केला. डावा. दुसरा होता कुठे? तळवा नीट खोल केलेला, तू शिकवलास तसाच, फक्त दुसरा.

माझी पळी थांबली.

मी ठरवून थांबवली नाही. मला सगळं माहीत होतं, तुला मी काय काय लिहिलं तेही आठवत होतं. तरी थांबली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण सगळ्यांना दिसलं. ओजसने माझ्या तोंडाकडे बघितलं, हात मागे घेतला आणि म्हणाला, "लास माल, बाबा." राहू दे. चिडून नाही, मला अडचणीतून सोडवावं तसं. मग त्याने तो हात पाठीशी नेला. कमरेजवळ. तसाच उभा राहिला, सगळ्यांचं तीर्थ होईपर्यंत.

कौमुदी त्या दिवसापासून पूजेच्या वेळी खोलीत येत नाही. ओजस मात्र येतो, दाराशी उभा राहतो.

तू खरं उत्तर मागितलं होतंस. हे घे.

देवदत्त

•

धामणवाडी,
११ मे २०२५

चि. देवदत्त,
आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पडलंय, पण लिहायला धीर होत नव्हता.

हात मी देवीला देऊन टाकला. करारासाठी बोलले होते, तो झाला नाही. पण पुजारी म्हणाला, दुखणाईतासाठीही हातच वाहतात, तोच चालेल. त्याने गाभाऱ्याच्या भिंतीवर टांगला. तिथे पुष्कळ आहेत, काळे पडलेले. आपला नवा, म्हणून चमकतो. घरी आले आणि वाटलं, डावा करायला हवा होता. पण देवाला दिलेलं बदलून मागता येत नाही, आणि तोडेही उरले नाहीत.

तीर्थाचं वाचलं. पहिल्यांदा, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. म्हटलं, भाऊ आईचाच आहे, विसरला नाही. मग रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक केलं. तनयाला सांगितलं नाही, तू कोणाला सांगू नकोस. दार आतून लावलं, वरणभात वाढून घेतला आणि डाव्या हाताने जेवायला बसले. वाटलं, त्यात काय आहे? अरे, घास उचलतच नाही. अंगठा कुठे लावायचा ते कळत नाही. तोंडाशी नेईपर्यंत निम्मा मांडीवर. दोन-चार घास गेले असतील, बाकी सगळं पाटाखाली. तू लिहिलंस, त्याच्या हातून शीत सांडलं नाही. माझं अर्धं ताट सांडलं. आणि राग काय आला! ताट ढकलून द्यावं असं वाटलं. खरंच ढकललं मी. या वयात.

तो ढकलायचा तेव्हा मी म्हणायचे, हट्टी आहे.

ओजसला यातलं काही बोलू नकोस. माझा आशीर्वादही सांगू नकोस, त्याला तो कुठल्या हाताने घ्यावा हा प्रश्न पडेल.

मग मला भूक लागली. मी उजव्या हाताने जेवून घेतलं. मला हात बदलता आला. त्याचा बांधलेला होता.

अक्का